फ्लॅमेन्को गिटार शिकायचीये? आधी टाळी, मग तार

फ्लॅमेन्को म्हणजे दक्षिण स्पेनमधलं गाणं, नाच आणि गिटार यांचं संगीत. ही फ्लॅमेन्को गिटार डोक्यात शिरली की बहुतेक सगळे एकच करतात, पाको दे लुसीआ या नामवंत गिटारवादकाचा एखादा सुसाट व्हिडिओ लावायचा, दहा वेळा बघायचा आणि मग त्यातलं ते वेगवान सुरांचं वादळ आपल्याला कधी जमणार या विचाराने बोटं पळवायला लागायचं. मीही तेच केलं. पाच महिने रोज तास-दीड तास नुसतं बोटांचं स्पीड वाढवलं. मग नोकरीच्या सुट्टीत स्पेनला हेरेसला गेलो, तिथे एका छोट्या बारमध्ये गिटार हातात आली, मी जोरात सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात शेजारच्या वयस्कर काकांनी शांतपणे माझ्या तारांवर तळवा ठेवला. रागावले वगैरे अजिबात नाहीत. त्यांनी फक्त बोटांची पेरं वळून लाकडी काउंटरवर ठोकायला सुरुवात केली, टक टक टऽक, टक टक टऽक, टक टऽक टक टऽक टक टऽक, आणि मला खुणेने सांगितलं की तूपण ठोक. दहा मिनिटं आम्ही दोघं फक्त काउंटर ठोकत होतो. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते आधीच्या पाच महिन्यांत कळलं नव्हतं, आणि हा सगळा लेख त्यासाठीच आहे.

म्हणजे काय, तर फ्लॅमेन्को गिटार ही मुळात साथीची गिटार आहे. आधी गाणं, त्याला ते कान्ते म्हणतात, मग नाच म्हणजे बाइले, आणि गिटार म्हणजे तोके या दोघांना धरून ठेवते. एकट्याने स्टेजवर बसून वाजवणं बरंच नंतर रुळलं, रामोन मोंतोया, साबिकास अशा गिटारवादकांमुळे. आपल्याकडे तबला गाण्याला आणि नाचाला साथ करतो, तसंच. म्हणून क्रम असा ठेवा: टाळी, उजवा हात, मग डावा हात, आणि स्पीड सगळ्यात शेवटी.

पायरी १: गिटार घ्यायच्या आधी बारा मोजायला शिका

फ्लॅमेन्कोत तालचक्राला कोम्पास म्हणतात आणि गाण्याच्या प्रकाराला पालो. पालो खूप आहेत, पण सुरुवातीला तीनच गट लक्षात ठेवा. पहिला चार मात्रांचा, तांगोस आणि रुंबा (अर्जेंटिनाच्या टँगो नाचाशी याची गल्लत करू नका). दुसरा तीन मात्रांचा, फांदांगोस. आणि तिसरा बारा मात्रांचा, ज्यात सोलेआ, आलेग्रीआस, बुलेरीआस हे सगळं येतं आणि जिथे खरी मजा आहे.

सोलेआत १ ते १२ मोजायचं आणि जोर ३, ६, ८, १०, १२ वर द्यायचा. म्हणजे तुकडे पडतात ३-३-२-२-२ असे. आता ज्यांना एकताल येतो त्यांना वाटतं बारा मात्रा आहेत, म्हणजे आपल्याला सोपं. इथेच घोळ होतो. एकतालात दोन-दोनचे सहा विभाग आणि सगळी ओढ समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे. सोलेआत पहिल्या मात्रेवर काहीच विशेष घडत नाही, जोर तुकड्याच्या शेवटी पडतो आणि वाक्य पूर्ण होतं ते १० वर. ११ आणि १२ म्हणजे श्वास घ्यायची जागा. त्यामुळे समेवर यायची जी आपली सवय आहे ती काही दिवस बाजूला ठेवावी लागते, मला तरी यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि त्या दोन प्रकारच्या. एक मऊ, दोन्ही तळवे थोडे खोलगट करून वाजवायची, गायक गात असताना हीच. दुसरी कडक, उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर आपटायची, ती नाच रंगला की. पहिले दोन आठवडे फक्त हे करा: तोंडाने १ ते १२ मोजायचं, पायाने ठेका आणि जोराच्या मात्रांवर टाळी. आवाज न करताही होतं, लोकलमध्ये मांडीवर बोटांनी करा, कोणाला कळतही नाही.

बुलेरीआस हेच चक्र आहे पण मोजणी १२ पासून सुरू होते, १२, ३, ६, ८, १० अशी, आणि वेग मिनिटाला दोनशेच्या पुढे. ते आत्ता नको. खरंच नको. पहिलं वर्ष बुलेरीआस फक्त ऐका.

पायरी २: गिटार कुठली घ्यायची

स्टीलच्या तारांची गिटार घरात असेल तर ती यासाठी वापरू नका. नखं तुटतात, बोटं सोलवटतात आणि गिटारची मान, म्हणजे डाव्या हाताने धरतो तो लांब दांडा, इतकी अरुंद असते की उजव्या हाताला तारांमध्ये जागाच मिळत नाही. आपल्याला नायलॉनच्या तारांची, रुंद आणि सपाट मानेची गिटार पाहिजे, नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर रुंदीची.

खास फ्लॅमेन्को गिटार ही क्लासिकल गिटारची सख्खी बहीण. पुढची फळी बहुतेक स्प्रूसची, मागची आणि बाजूची पातळ सायप्रसची, त्यामुळे ती वजनाला हलकी आणि आवाज कोरडा, खणखणीत, पटकन उठून पटकन विरणारा. सायप्रसवालीला ब्लांका म्हणजे पांढरी म्हणतात. रोझवूडवाली ती नेग्रा, काळी, तिचा आवाज भरदार आणि जास्त वेळ टिकणारा. तारा फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवरच्या फळीच्या जवळ असतात, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तारेखाली साधारण ३ मिलिमीटर किंवा कमी, क्लासिकलमध्ये हेच अंतर ४ च्या आसपास असतं. म्हणून जोरात वाजवल्यावर तारा किंचित खरखरतात, आणि ते चालतं, तो त्या आवाजाचाच भाग आहे. दुकानदार त्याला दोष म्हणाला तर मनावर घेऊ नका.

पण पहिल्या दिवशी ही गिटार घ्यायची गरज नाही. यामाहा सी ४० सारखी साधी क्लासिकल गिटार आपल्याकडे सहज मिळते, सेकंडहँड तर खूपच, आणि पहिल्या वर्षाला ती पुरेशी आहे. वर्षभर टिकलात तर मग यामाहाचं सीजी १८२ एसएफ, कॉर्दोबाचं एफ ७ अशी सायप्रसची मॉडेल्स बघा. क्लासिकल गिटार घेतलीत तर एक गोष्ट मात्र आधी करा, तारांखाली पारदर्शक गोल्पेआदोर चिकटवून घ्या. ही एक पातळ प्लॅस्टिकची शीट असते. फ्लॅमेन्कोत बोटाने फळीवर ठोके मारतात, त्याला गोल्पे म्हणतात, आणि शीट नसेल तर महिनाभरात पॉलिश निघून लाकडावर ओरखडे दिसायला लागतात.

आणखी दोन वस्तू, मेट्रोनोम (मिनिटाला ठरवू तितक्या टिक देतो, फोनवर फुकट मिळतो) आणि कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारी क्लिप, जिला तिकडे सेहिया म्हणतात. कॅपो घेताना बघून घ्या, स्टील गिटारचे कॅपो आतून वक्र असतात, आपली मान सपाट, त्यामुळे कडेच्या नाहीतर मधल्या तारा नीट दाबल्या जात नाहीत. सपाट पट्टीचाच मागा.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची, आणि विदर्भ-मराठवाड्यात उलटं, उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकतं म्हणून कूलरच्या थेट झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते.

पायरी ३: नखं आणि बसणं

डाव्या हाताची नखं पूर्ण कापलेली, उजव्या हाताची वाढवलेली, तळव्याकडून बघितल्यावर बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिलिमीटर दिसतील इतकी. करंगळीचंसुद्धा, कारण तिला इथे काम आहे. घासायला नेल फाइल, आणि शेवटचा हात हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक वॉटर पेपरने फिरवायचा. नखाची कड अगदी गुळगुळीत असली पाहिजे, थोडी जरी खरबरीत राहिली तरी तार घासल्याचा आवाज येतो. नखं पातळ असतील तर बरेच वादक वरून सुपरग्लूचा पातळ थर देतात. तो फक्त नखाच्या वरच्या बाजूला, कातडीला लागू द्यायचा नाही, आणि नखाला अधूनमधून सुट्टी द्यायची. भांडी घासताना हातमोजे घाला, नखाचे अर्धे अपघात सिंकमध्येच होतात.

बसायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे गिटारचा मोठा भाग उजव्या मांडीवर, मान जवळजवळ आडवी. पाको उजवा पाय डाव्या पायावर टाकून बसायचा, आज बहुतेक सगळे तसंच बसतात. जे आरामात वाटेल ते घ्या, फक्त खांदे वर चढलेले नकोत.

पायरी ४: उजवा हात

इथे जरा जास्त थांबतो कारण सगळं इथेच आहे.

रास्गेआदो. म्हणजे बोटांनी एकामागोमाग तारांवर मारलेला तो फर्राटा, जो ऐकून आपण या वाटेला लागतो. अंगठा सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर (पहिली सगळ्यात बारीक) हलका टेकवा. बाकी चार बोटं तळव्याकडे वळवा, अर्धी मूठ. आता कॅरमचा स्ट्रायकर मारताना देतो ना तशी टिचकी, आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं, मग तर्जनी. प्रत्येक बोट सुटं सुटं बाहेर पडलं पाहिजे आणि चारही ठोके सारख्या अंतरावर, सारख्या जोराचे. शेवटी तर्जनी खालून वर परत, म्हणजे पाच ठोके झाले. सुरुवातीला करंगळी आणि अनामिका एकत्रच सुटतात, त्यांचे स्नायूबंध जोडलेले असतात, त्यामुळे काही महिने असं होणारच. उपाय एकच, अतिशय सावकाश. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि एका टिकला एकच बोट. गिटारवर बसायच्या आधी हे उशीवर, मांडीवर, मीटिंगमध्ये टेबलाखाली करत राहा. दंडात किंवा मनगटाच्या वर दुखायला लागलं तर तिथेच थांबायचं, दुखणं रेटायचं नाही.

पुल्गार. म्हणजे अंगठा. तारेवर मारून अंगठा खालच्या तारेवर येऊन विसावतो, हवेत उडत नाही. जोर बोटाच्या पेरातून आणायचा नाही, हाताच्या वजनातून येतो. जुन्या लोकांचं, म्हणजे मोरोनच्या दिएगो देल गास्तोरसारख्यांचं वाजवणं ऐका, अंगठ्याने काय काय बोलता येतं ते कळेल. कमी सूर, पण एकेक सूर मनात राहतो.

गोल्पे. अनामिकेचं टोक पहिल्या तारेच्या खालच्या बाजूला शीटवर टक करून मारायचं, नख आणि मांस दोन्ही एकदम. तर्जनी वरून खाली मारताना त्याच क्षणी अनामिकेने गोल्पे, हे जमलं की एकदम फ्लॅमेन्को वाटायला लागतं.

पिकादो म्हणजे तर्जनी-मधलं बोट आलटून पालटून ते वेगवान सूर. रोज पाच मिनिटं, सावकाश, बस. त्रेमोलो आणि आल्साप्वा यांची नावं ऐकून ठेवा, हात लावू नका अजून.

पायरी ५: चार कॉर्ड, आणि इथे आपला कान कामाला येतो

ए मायनर, जी, एफ, ई. हीच ती उतरती चाल जी दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया भागातल्या संगीतात जागोजागी ऐकू येते. आता ई ला सा धरा आणि त्या कॉर्डचे मूळ स्वर म्हणून बघा: म, ग, रे, सा, त्यातला ग आणि रे कोमल. भैरवी! म्हणूनच पहिल्यांदा ऐकतानाही आपल्याला ते परकं वाटत नाही. आणि गंमत पुढे आहे, ई मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, म्हणजे उतरताना कोमल ग आणि सा वर टेकताना शुद्ध ग. कोमल रे आणि शुद्ध ग शेजारी आले की बसंत मुखारीची आठवण होतेच. ज्यांनी थोडं गाणं शिकलंय त्यांनी हे आधी गाऊन बघावं, मग गिटारवर शोधावं, डाव्या हाताचं अर्धं काम कान करून टाकतो.

लोक इथून लगेच उडी मारतात की मग फ्लॅमेन्को आपल्याकडूनच गेलं. रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज भारतातून गेले हे खरं, स्पेनमधल्या रोमांचा, म्हणजे हितानोंचा, फ्लॅमेन्कोत फार मोठा वाटा आहे हेही खरं. पण हे संगीत घडलं ते सेविया, कादिस, हेरेसच्या भागात, तिथल्या सगळ्यांच्या सरमिसळीतून. ते श्रेय त्यांचंच.

एफ कॉर्डचा बाऊ करू नका. इथे पूर्ण बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) नको, चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर आणि पहिली तार मोकळी. ती मोकळी तार किंचित खुपते, आणि फ्लॅमेन्कोला ते खुपणंच हवं असतं.

ई वर येऊन थांबणाऱ्या या पद्धतीला 'पोर आरिबा' म्हणतात. दुसरी पद्धत ए वर थांबते, डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए, तिला 'पोर मेदिओ'. नीट बघितलं तर तेच म ग रे सा, फक्त सा बदलला. आणि गायकाचा आवाज वर-खाली असेल तर वादक बोटांचे आकार बदलत नाही, सेहिया दुसऱ्या, चौथ्या, जिथे लागेल त्या फ्रेटवर चढवतो. आपण पेटीवाल्याला काळी दोन, पांढरी चार अशी पट्टी सांगतो ना, अगदी तेच.

पायरी ६: पहिला पालो तांगोस, दुसरा सोलेआ

रुंबाने सुरुवात करायचा मोह होतो कारण ती लगेच गाण्यासारखी वाटते. माझं मत, तांगोस घ्या. चार मात्रा, पहिल्या मात्रेवर तारा वाजवायच्या नाहीत, फक्त गोल्पे. मग २, ३, ४ वर स्ट्रोक. एक आवर्तन बी फ्लॅट, एक आवर्तन ए, बी फ्लॅटमध्ये पहिली तार मोकळी राहिली तरी चालते. मेट्रोनोम ८० वर. पाच मिनिटं न थांबता, न चुकता हे वाजवता आलं तर तुम्ही खरोखर काहीतरी शिकलात. कंटाळवाणं वाटेल, पण कोणीतरी शेजारी बसून टाळी धरली की तेच पाच मिनिटांत अंगात येतं.

मग सोलेआ, सोपं करून असं: १, २ वर ई, ३ वर एफ, तो ९ पर्यंत धरायचा, १० ला ई वर परत, ११-१२ वर फक्त हलके गोल्पे. तोंडाने मोजणं बंद करायचं नाही. हे पाठ झालं की मग एखादी फाल्सेता घ्या, म्हणजे दोन गाण्याच्या ओळींच्या मधे गिटार जी छोटी सुरावट वाजवते ती. एक घ्या, एकच, आणि ती कोम्पासमध्ये नेमकी कितव्या मात्रेवर सुरू होते आणि कुठे संपते ते कागदावर लिहून काढा. टॅबमधून (कुठली तार कुठल्या फ्रेटवर ते आकड्यांत लिहिलेल्या नोटेशनमधून) दहा फाल्सेता पाठ केलेले आणि एकही तालात न बसणारे खूप जण मी बघितलेत.

रोजचं कसं ठेवायचं

चाळीस मिनिटं धरू. दहा मिनिटं टाळ्या आणि मोजणी, दहा रास्गेआदो, पाच अंगठा, पाच पिकादो, आणि उरलेली दहा चक्र न तोडता एकच पालो. चूक झाली तरी थांबून परत सुरू करायचं नाही, हात थांबला तरी मोजणी चालू ठेवायची आणि पुढच्या १२ ला परत आत शिरायचं. साथीला बसल्यावर कोणी तुमच्यासाठी मागे येत नाही, म्हणून ही सवय पहिल्या दिवसापासून.

ऐकायला गायक कामारोन दे ला इस्लाबरोबर पाकोने १९६९ ते १९७७ या काळात केलेली रेकॉर्डिंग्ज घ्या. पाकोचं खरं नाव फ्रान्सिस्को सांचेस, गाव आल्हेसिरास, गल्लीत पाको बरेच म्हणून आईच्या नावाने, लुसीआचा पाको. या रेकॉर्डिंग्जमध्ये गिटार गायकाला कशी वाट करून देते ते ऐका, तो श्वास घेतो तिथे ती बोलते, तो आला की मागे सरते. हेरेसच्या मोराइतोची गिटार ऐका, त्याच्याइतका सहज ठेका दुसरीकडे क्वचित मिळतो. तोमातितो आणि विसेंते आमिगो त्यानंतर.

शिक्षक मिळाला तर उत्तमच, आपल्याकडे क्लासिकल गिटारचे शिक्षक जास्त आहेत, गोव्यात, मुंबई-पुण्यात, त्यांच्याकडे सहा महिने हाताची ठेवण शिकून घेतली तरी पुढे खूप उपयोग होतो. कोम्पासचं मात्र ऑनलाइन कोणा स्पॅनिश शिक्षकाकडून शिका. महिन्यातून दोन तास पुरतात.

आणि तीन-चार महिने झाले की घरातलं कोणीतरी पकडा, बहीण, मित्र, कथक शिकणारी पुतणी असेल तर सोन्याहून पिवळं, त्यांना ३, ६, ८, १०, १२ च्या टाळ्या शिकवा आणि समोर बसवा. गिटार बघू नका, त्यांच्या हाताकडे बघा. ३ वर एफ, वाट बघा, १० ला ई, तारांवर तळवा ठेवून आवाज बंद. ११, १२, मान वर करून त्यांच्याकडे बघायचं, आणि परत एक.